रात्री पायांना मुंग्या येत असतील तर व्हिटॅमिन बी-१२ तपासून घ्या

दिवसभर ठीक असतं, पण अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग, मुंग्या, बधिरपणा सुरू होतो आणि झोपेचं खोबरं होतं. दोन्ही पायांना हा त्रास असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. रक्तातली साखर आणि बी-१२ तपासून घ्या. शुद्ध शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असणं अगदी सर्रास दिसतं. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर ही तपासणी डॉक्टरांकडे आवर्जून मागावी. त्या गोळीनेही बी-१२ घटतं. मात्र गोळी मनाने बंद करू नका. हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी बी-१२ कमी असू शकतं. तपासणीआधीच बी-१२ची इंजेक्शनं घेतलीत तर खरा आकडा कळणार नाही.

बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळतही नाही. रोज झोपताना तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट बघा.

कंबरेतून एकाच पायात कळ जात असेल तर कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घ्या. पण जांघेत, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.