मातीच्या प्लांटेड टाकीत या चुका टाळा

कुंडीला तळाशी भोक असतं, प्लांटेड टाकीला, म्हणजे मासे आणि जिवंत पाणझाडं एकत्र ठेवायच्या काचेच्या टाकीला, नसतं. तळाला माती घालून केलेल्या बहुतेक टाक्या हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच बिघडतात. कुंडीत जास्तीचं खत पाण्याबरोबर खालून निघून जातं. टाकीत ते तिथेच राहतं, पाण्यात उतरतं आणि थेट माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोचतं. म्हणून कुंडीसाठी जी माती सकस, ती टाकीला बहुधा सोसत नाही.

नर्सरीतली तयार कुंडीमाती तशीच ओतणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. या मिश्रणात शेणखत, निंबोळी पेंड, बोनमील आणि कधी युरिया किंवा डीएपीचे दाणेही असतात. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर उरलेली कुजण पाण्याखाली होते आणि अमोनिया वाढतो. निंबोळी पेंड कीड मारण्यासाठीच वापरतात, त्यामुळे कोळंबी पाळायची असेल तर ती टाकीत नकोच. पर्लाइटचे पांढरे हलके दाणे कॅप (मातीवर घातलेला रेवेचा किंवा वाळूचा थर) फोडून वर येतात आणि तरंगत राहतात. साधी, खत न घातलेली माती मागून घ्या. गांडूळखत घालायचंच असेल तर ९ भाग मातीला १ भाग, तेही चाळून. फवारणी झालेल्या शेताची माती घेऊ नका.

घराजवळ मिळते म्हणून काळी माती

कापसाची काळी माती ओली झाली की फुगते. तिचे कण इतके बारीक असतात की एकदा पाण्यात उठले की दिवसेंदिवस खाली बसत नाहीत. त्यात चुनखडीचे खडे असले तर पाणीही जड होतं. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह भरपूर आणि चुना जवळजवळ नसतो. सेंद्रिय अंश मात्र कमी असतो, म्हणून झाडं सुरुवातीला सावकाश वाढतात. तरीही या दोघींत तांबडीच निवडावी. कमी सकस मातीला नंतर मुळाशी खताची गोळी देता येते, जास्त झालेलं खत मात्र काढता येत नाही.

दोन चाचण्या घरीच होतात. चमचाभर सुक्या मातीवर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे. कॅपसाठी आणलेल्या वाळूचीही हीच परीक्षा घ्या, कारण समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. दुसरी चाचणी बरणीची: एक तृतीयांश माती घाला, बाकी पाणी भरा, जोरात हलवा आणि २४ तास ठेवा. वरचं पाणी तेव्हाही ताकासारखं दिसत असेल तर ती माती सोडून द्या. पाणी चहाच्या रंगाचं पण नितळ असेल तर काळजी नाही. तो पालापाचोळ्याचा रंग आहे, पाणी बदलताना निघून जातो.

माती न मुरवता टाकीत घालणं

माती ३ मिमीच्या चाळणीतून चाळा. बादलीत भिजवून ढवळा, वर येणाऱ्या काड्या-साली पाण्याबरोबर ओतून टाका आणि उरलेली माती प्लास्टिकवर पसरून वाळवा. असं ३-४ वेळा करा. प्रत्येक फेरीत जिवाणू सहज कुजणारा भाग संपवतात आणि अमोनियाचं नायट्रेट होतं. टाकीत माशांना भोगावी लागणारी कुजण बादलीतच उरकते. पावसाळ्यात माती वाळत नाही, त्यामुळे हे काम उन्हाच्या दिवसांतच करून ठेवावं.

थराचा अंदाज चुकणं

६० × ३० सेंमी तळाच्या टाकीत २.५ सेंमी थराला साडेचार लिटर माती लागते. त्यावर ३ सेंमी कॅपसाठी साडेपाच लिटर, म्हणजे ८-९ किलो रेव. दाणा २-३ मिमीचा हवा. मैद्यासारखी वाळू वायू कोंडून ठेवते आणि मोठ्या खडीच्या फटींतून माती वर येते. माती कोरडी न घालता चिखल करून थापा, म्हणजे आत हवेचे कप्पे राहत नाहीत. पाणी भरताना रेवेवर ताटली ठेवा आणि बारीक धार तिच्यावर सोडा.

बुडबुडे दिसले की घाबरणं, वास आला तरी दुर्लक्ष करणं

पहिल्या काही आठवड्यांत तळातून बुडबुडे येणारच. बांबूची बारीक काडी खुपसून पाहा. बुडबुड्यांना वास नसेल तर तळाला हात लावू नका. कुजक्या अंड्याचा वास आला आणि एखादं झाड हलकेच उपटल्यावर मुळं काळी, लिबलिबीत निघाली, तर तळात ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय. अशा वेळी एका दिवशी तळाचा चौथा भागच काडीने टोचा, एअरपंप चालू ठेवा आणि लगेच अर्धं पाणी बदला. मग तिथे व्हॅलिसनेरिया किंवा क्रिप्टोकोरिन लावा. यांची मुळं मातीत ऑक्सिजन सोडतात. थर ५ सेंमीच्या वर गेला असेल तर मात्र टाकी उपसून पुन्हा मांडणंच बरं.

झाडं कमी, मासे लवकर

पहिल्याच दिवशी ७० टक्के तळ झाडांनी भरा. त्यात हायड्रिला, हॉर्नवॉर्ट, वॉटर स्प्राइट अशी भराभर वाढणारी जास्त असू द्या. झाडं विरळ असली की मातीतून उतरलेलं खत शेवाळाला मिळतं. दिवा ६ तास पुरे. छाटलेली झाडं तळ्यात किंवा ओढ्यात टाकू नका. जलपर्णीने आपल्या नद्यांचं काय केलं ते समोर आहेच.

पहिले दोन आठवडे दिवसाआड अर्धं पाणी बदला, नळाचं पाणी क्लोरीन घालवूनच वापरा. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य आल्याशिवाय मासे सोडू नका. बोअरच्या पाण्याचा पीएच जास्त असू शकतो, त्याला तर जास्तच जपा. पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

तळ उकरणं

गोल्डफिश आणि तळ खणणारे सिक्लिड या टाकीत नकोत. तळाचा गाळ ओढून घेणारी सायफनची नळी रेवेत खुपसू नका, वरवर फिरवा. अमेझॉन स्वोर्डसारखं जुनं झाड उपटलं तर ओंजळभर माती वर येते, म्हणून ते बुंध्याशी कापा आणि मुळं आतच राहू द्या. उपटावंच लागलं तर चालू सायफनचं तोंड मुळाशी धरा, झाड सावकाश ओढा आणि पडलेला खड्डा लगेच मूठभर रेवेने बुजवा.