सफरचंदाची कलमं आणण्याआधी या हिवाळ्यात थंडी मोजा

नोव्हेंबर लागला की द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर डिपिंगच्या (घड औषधात बुडवण्याच्या) गप्पांत एक फोटो हमखास येतो: लाल फळांनी लगडलेलं सफरचंदाचं झाड आणि खाली ओळ, '४५ अंशांतही येणारं सफरचंद, बुकिंग सुरू'. हिमाचलातली उघड्या मुळांची कलमं जानेवारीत इकडे येतात, म्हणून बयाणा आत्ताच मागतात. माझं सांगणं एवढंच, की बयाणा देण्याआधी ती जात कुठल्या गावच्या कुठल्या अडचणीसाठी तयार झाली ते विचारा आणि आपल्या शेतात थंडी किती पडते ते मोजा.

सफरचंदाचं झाड पान गाळून झोपतं. ७ अंशांखालची ठरावीक तासांची थंडी मिळाल्याशिवाय त्याचा डोळा, म्हणजे काडीवरची फुटीची कळी, नीट उघडत नाही. जुन्या रेड डेलिशियसला अशी हजाराच्या आसपास तासांची थंडी लागते, म्हणून ती कोटगड, किन्नौर, काश्मीरकडे. आपल्याकडे निफाडचा पारा घसरला की पेपरात बातमी येते खरी, पण तो नीचांक पहाटेचा असतो. रोज तीन-चार तास पारा ७ च्या खाली गेला आणि अशा पंधरा रात्री मिळाल्या, तरी बेरीज पंचेचाळीस ते साठ तासांची. वर दुपारच्या उन्हाने रात्री कमावलेल्या थंडीतला काही भाग वाया जातो तो वेगळाच.

या अडचणीवर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं आहे. १९५० च्या दशकात इस्राएलमधल्या एन शेमेर या सामुदायिक वस्तीवर अब्बा स्टाइन यांनी रेड हदासिया आणि गोल्डन डेलिशियस यांचा संकर करून 'अ‍ॅना' काढली. तिला दोन-तीनशे तास पुरतात. 'डॉर्सेट गोल्डन' तर बहामा बेटांवर, नासाऊ गावात, आपोआप उगवलेल्या रोपातून मिळाली. तिचं त्याहूनही कमी तासांत भागतं. अ‍ॅनाचा हा गुण पिलावळीत चांगला उतरतो, म्हणून ब्राझीलमधल्या पैदासकारांनी अ‍ॅना आणि गाला यांच्या संकरातून 'एव्हा' काढली. पेट्रोलिनासारख्या कोरड्या, उष्ण भागातही तिच्या चाचण्या झाल्या.

आपल्या देशातली गोष्ट हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावची. फारशा उंचीवर नसलेलं, आंब्याच्या पट्ट्यातलं गाव. हरिमन शर्मा यांच्या परसात टाकलेल्या बियांतून १९९९ मध्ये एक रोप उगवलं. त्यांनी ते जपलं, दोन वर्षांत फळ दिसलं, आणि त्याच्या काडीची कलमंही बांधली. तीच 'एच.आर.एम.एन.-९९'. पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने तिची रोपं देशभर चाचणीला दिली आणि २०२५ मध्ये शर्मांना पद्मश्री मिळाली. मला या माणसाचं मनापासून कौतुक आहे. पण हे वाचून कुणी बाजारातल्या सफरचंदाच्या बिया पेरू नयेत. आंब्याच्या कोयीसारखंच आहे हे, रोप आईवर जाईलच असं नाही. पैदासकार हजारो रोपं वाढवतात, प्रत्येकाच्या फळाची पाच-सहा वर्षं वाट पाहतात आणि त्यातलं एखादं ठेवतात. एक जात बाजारात यायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात.

इथे एक घोटाळा होतो. कमी थंडीत फुलणं हा एक गुण आणि कडक उन्हात फळ टिकणं हा दुसरा. स्पेनमधल्या कातालोनियाची अडचण हिवाळ्याची नाहीच, तिथे थंडी भरपूर पडते. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, रात्री गार होत नाहीत, मग फळाला लाली चढत नाही, सालीवर करपल्याचे चट्टे पडतात, गर पिठूळ होतो. यासाठी तिथल्या 'इर्टा' या कृषी संशोधन संस्थेने न्यूझीलंडच्या संशोधकांबरोबर २००२ पासून काम करून एक जात काढली आणि २०२३ मध्ये ती 'तुत्ती' (Tutti) नावाने जाहीर झाली. उन्हाला तोंड देणारी म्हणून ही किंवा तिच्यासारखी कुठली जात तुम्हाला कुणी देऊ केली, तर पहिला प्रश्न हाच विचारा: हिला थंडीचे तास किती लागतात?

मग आपल्याकडे एवढ्याशा थंडीत झाड फुलतं कसं? उत्तर इंडोनेशियातल्या जावा बेटावर सापडतं. मलंगजवळच्या बातूच्या डोंगरावर सफरचंदाला लागणारी थंडी पडतच नाही. तिथले शेतकरी तोडणी झाली की महिनाभरात झाडाची सगळी पानं हाताने ओरबाडतात. डोळा गाढ झोपेत जाण्याआधीच जागा होतो आणि वर्षाला दोन पिकं मिळतात. आपल्याला हे परकं नाही. डाळिंबाला ताण देऊन पानगळ करणारा, द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला डोळे फुटायची पेस्ट लावणारा शेतकरी हेच करत आला आहे. झाडाला पुरेशी झोप द्या, नाहीतर गाढ झोपूच देऊ नका. अर्धवट झोपलेल्या झाडाचे मात्र हाल होतात. शेंड्याचे दोन-तीन डोळे फुटतात, खालची काडी आंधळी राहते, फुलं महिना-दीड महिना थोडी थोडी येत राहतात.

तेव्हा या हिवाळ्यातलं पहिलं काम खरेदीचं नाही. तापमानाची नोंद ठेवणारं छोटं यंत्र मिळतं, ते शेतात सावलीत, छातीइतक्या उंचीवर टांगा आणि डिसेंबर-जानेवारीचे तास मोजा. ७ च्या खालचे वेगळे लिहा आणि दुपारचा पाराही लिहा. कोकणात आणि उबदार रात्रींच्या भागात मी कुणाला ही लागवड सुचवणार नाही. नाशिक, पुणे, सातारा, सांगलीच्या गार पट्ट्यात हौसेने, आठ-दहा झाडं लावून बघा. बँकेचं कर्ज काढून एकरभर मुळीच नको.

माझी बारा झाडं आहेत. सहा अ‍ॅना, सहा डॉर्सेट म्हणून घेतली होती. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत फुलोरा असा आला की घरचे सगळे बघायला शेतात आले. फळं धरली फक्त बत्तीस, तीही एका बाजूला चेपलेली. एक फळ आडवं कापलं. आतल्या चांदणीत पाच कप्पे असतात, चांगल्या फळात दहाएक बिया निघतात. माझ्या फळात दोन होत्या, बाकीचे कप्पे रिकामे. पुढे फळं रंगली तेव्हा उलगडा झाला. सगळी उभट, लालसर, म्हणजे बाराही झाडं अ‍ॅना. पिवळं डॉर्सेट एकही नाही. सफरचंदाला बहुतेक वेळा स्वतःच्याच जातीचा पराग चालत नाही, सोबत त्याच दिवसांत फुलणारी दुसरी जात लागते. पुढच्या हिवाळ्यात चार झाडांवर डॉर्सेटच्या काड्या पाचर कलमाने बांधल्या, फुलोऱ्यात सातेरी मधमाश्यांची एक पेटी ठेवली, तेव्हा कुठे फळ धरलं. बिलावर जातीचं नाव लिहून घ्या आणि दोन जाती दोन ठिकाणांहून आणा.

खुंट, म्हणजे ज्याच्यावर जातीची काडी बांधतात ते खालचं मुळाचं झाड, कोणता हेही विचाराच. एम.एम. १११ आपल्या कोरड्या हवेला बरा. तो पाण्याचा ताण सोसतो आणि मुळावर बसणाऱ्या लोकरी माव्याला दाद देत नाही. (उसावरचा लोकरी मावा वेगळा, हा वेगळा.) एम. ९ बुटका आणि लवकर फळणारा, पण त्याची मुळं कमजोर, आधाराची तार लागतेच. एम.एम. १०६ भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की बुंध्याला कुजतो. खरं तर अशा जमिनीत उंच वरंबा केल्याशिवाय कुठल्याच खुंटाने झाड लावू नका. निचऱ्याची मुरमाड जमीन उत्तम.

खड्डे आत्ताच खणून उन्हात तापू द्या. कलम आलं की नखाने साल खरवडा. आत हिरवं ओलसर दिसलं तर ठेवा, तपकिरी असेल तर परत करा. मुळं रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी लावा. कलमाचा सांधा मातीच्या वर वीतभर राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या जातीलाच मुळं फुटतात आणि खुंटाचा उपयोग जातो. खोडाला चुना लावा. आपलं एप्रिलचं ऊन कोवळ्या सालीला भाजतं आणि त्या भेगेतून पुढे कीड आत शिरते.

ज्यांची झाडं तीन वर्षांची झाली आहेत त्यांनी डिसेंबरात पाणी कमी करत आणावं. पान जून झालं, डोळा टपोरा दिसला की महिनाअखेरीस पानं हाताने काढावीत. पान देठापासून वर उचलून तोडा. खाली ओढलं की सालीसकट डोळा निघतो. द्राक्षाला लावतो ते हायड्रोजन सायनामाइड त्याच मात्रेत इथे वापरू नका, फुगलेला डोळा जळतो. कृषी विज्ञान केंद्रात विचारून, एका झाडावर बघूनच काय ते ठरवा.

पहिल्या दोन वर्षांत फुलं येतील ती खुडून टाका. जीव तुटतो, माझाही तुटला होता. पण फळ धरू दिलेलं माझं एक झाड अजून बाकीच्यांच्या कमरेइतकंच आहे.