१९९१ चा सर्वोत्तम रॉक अल्बम कोणता? हे भांडण नीट कसं घालावं

वर्ष निवडताना चालू वर्ष घेऊ नका. डिसेंबरात जिकडेतिकडे ‘यंदाचे सर्वोत्तम’ अशा याद्या निघतात, म्हणून आपणही त्याच वर्षावर बसलो की अर्धी संध्याकाळ “तो ऐकायचा राहिलाय रे” यातच जाते. निदान वीस-पंचवीस वर्षं जुनं वर्ष घ्यावं. आमचं डोंबिवलीतलं टोळकं दर डिसेंबरात कुणाच्या तरी घरी जमतं आणि एकाच वर्षावर भांडतं. १९७१ झालंय, १९९७ झालंय. पण घसे बसेपर्यंत भांडण झालं ते १९९१ वर, म्हणून उदाहरण त्याचंच देतो.

१९९१ का, ते तारखाच सांगतात. १२ ऑगस्टला मेटॅलिकाचा काळ्या कव्हरचा अल्बम. २७ ऑगस्टला पर्ल जॅमचा ‘टेन’. १७ सप्टेंबरला गन्स एन’ रोझेसचे दोन अल्बम, एकाच दिवशी. २४ सप्टेंबरला निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आणि त्याच दिवशी रेड हॉट चिली पेपर्सचा ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’. ऑक्टोबरात साउंडगार्डन. नोव्हेंबरात माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’ आणि यू-टूचा ‘अख्तुंग बेबी’. त्याआधी मार्चमध्ये आर.ई.एम.चा ‘आउट ऑफ टाइम’ येऊन गेलेलाच होता.

आधी हद्द आखा

पहिला चहा यायच्या आत नियम ठरले पाहिजेत. एकदा आवाज चढले की नियम कुणी मान्य करत नाही.

पहिला नियम तारखेचा. मूळ देशात अल्बम ज्या वर्षी आला, ते त्याचं वर्ष. हे सांगायची गरज आपल्याकडे जास्त आहे, कारण १९९१ चं संगीत आम्ही १९९१ मध्ये ऐकलंच नाही. केबलवर स्टार टीव्हीचं एमटीव्ही दिसायला लागल्यावर, हॉस्टेलात कुणाच्या तरी मामानं आणलेल्या कॅसेटवरून डबिंग करत ते एक-दोन वर्षं उशिरा पोचलं. ‘लव्हलेस’ तर माझ्या कानावर थेट इंटरनेट आल्यावर पडला. त्यामुळे “आमच्यासाठी ते त्र्याण्णवचं” हा युक्तिवाद हमखास येतो. ऐकून घ्या, आठवणी निघू द्या, मग फेटाळा. पुरस्कारांचं वर्षही धरू नका. ग्रॅमीचं तेव्हाचं वर्ष सप्टेंबरअखेर संपायचं. म्हणून २४ सप्टेंबरचा ‘नेव्हरमाइंड’ १९९२ च्या समारंभात स्पर्धेत होता आणि नोव्हेंबरचा ‘अख्तुंग बेबी’ १९९३ च्या.

दुसरा नियम गन्स एन’ रोझेसमुळे करावा लागला. ‘यूज युअर इल्यूजन’चे दोन भाग म्हणजे एक अल्बम की दोन? तीस गाणी, अडीच तास, वर ‘डोन्ट क्राय’ दोन्हीकडे वेगवेगळ्या शब्दांत. आमचा निकाल असा: दुकानात वेगळे विकले गेले, तर वेगळे. समर्थकानं एकच निवडायचा. “दोन्हीतली चांगली बारा गाणी एकत्र केली तर...” असं वाक्य सुरू झालं की तिथेच थांबवायचं. तो अल्बम निघालेला नाही.

तिसरा नियम, ‘रॉक’ कशाला म्हणायचं, हा मात्र आम्ही मुद्दाम ढिला ठेवतो. आणणाऱ्यानं स्वतःच पटवून द्यावं. प्रायमल स्क्रीमचा ‘स्क्रीमाडेलिका’ आला तेव्हा मेहुणा खवळला, म्हणाला हे नाचायचं संगीत आहे, अर्ध्या गाण्यांत ड्रमरच नाही. (मेहुणा स्वतः ड्रम वाजवतो, त्याचा राग धंद्याचा आहे.) त्यावर माझ्या मुलीनं शांतपणे सांगितलं की पहिल्या गाण्याचा निर्माता जिमी मिलर आहे, म्हणजे अडुसष्ट ते त्र्याहत्तरमधले रोलिंग स्टोन्सचे अल्बम ज्यानं केले तोच. मेहुणा गप्प. असा पुरावा आणणाऱ्याला आत घ्यावं, “मला आवडतो” एवढ्यावर नाही.

चौथा नियम लोक विसरतात आणि सगळ्यात जास्त घोळ त्यानंच होतो: कोणती आवृत्ती? ‘टेन’ २००९ मध्ये निर्माता ब्रेंडन ओब्रायननं पुन्हा मिक्स केला, म्हणजे वाद्यं आणि गळा यांचे आवाज नव्यानं जुळवले, आणि मूळ मिक्समधला, मोठ्या हॉलमध्ये घुमल्यासारखा आवाज काढून टाकला. दोन माणसं ‘टेन’वर भांडत होती आणि दोघांनी ऐकलेले अल्बम वेगळे होते, हे आमच्याकडे प्रत्यक्ष घडलंय. मूळ मिक्सच धरा. ‘नेव्हरमाइंड’ची २०११ ची नवी आवृत्ती मूळ सीडीपेक्षा चांगलीच चढ्या आवाजात आहे, आणि शेजारीशेजारी वाजवलं की मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. तेव्हा बसल्या जागी फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपनं बघा आणि सगळे अल्बम साधारण एकाच पातळीवर लावा. किचकट वाटेल, पण एवढ्यानं निम्मी मतं बदलतात.

कोणते मुद्दे चालणार नाहीत

खप चालणार नाही. १९९१ बाबत तर मुळीच नाही, कारण त्या वर्षी मोजण्याची रीतच मध्यात बदलली. २५ मेच्या अंकापासून बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकानं आपल्या खपाच्या यादीसाठी दुकानदारांच्या तोंडी अहवालांऐवजी साउंडस्कॅनचे, म्हणजे काउंटरवर बारकोड वाचून मिळणारे आकडे घ्यायला सुरुवात केली. दुकानदार ज्यांना कमी लेखत आले होते, ते हार्ड रॉक, रॅप आणि कंट्री त्यानंतर एकदम वर दिसायला लागले. मेटॅलिकाचा अल्बम पहिल्याच आठवड्यात पहिला आला, गन्स एन’ रोझेसचे दोन पहिला आणि दुसरा. आता यातलं लोकांच्या आवडीचं किती आणि नव्या यंत्राचं किती, ते तुम्हीच ठरवा.

“इतिहास बदलला” हाही मुद्दा चालणार नाही, आणि इथे नेव्हरमाइंडवाले उठून उभे राहतात. हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत १४४ व्या क्रमांकावर शिरला आणि ११ जानेवारी १९९२ च्या यादीत मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली ढकलून पहिला आला. गोष्ट भारी आहे. पण ती डिसेंबर-जानेवारीत दुकानांत आणि टीव्हीवर काय झालं याची गोष्ट आहे, टेपवर काय आहे त्याची नाही. सर्वांत महत्त्वाचा अल्बम कोणता, यावर वेगळी बैठक घ्या. दहा मिनिटांत संपेल, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

पुरस्कार तर सोडाच. १९८९ मध्ये हार्ड रॉक आणि मेटलचं पहिलं ग्रॅमी मेटॅलिकाला डावलून बासरीवाल्या जेथ्रो टलला दिलं गेलं. १९९२ मध्ये मेटॅलिकाला मिळालं तेव्हा त्यांचा ड्रमर लार्स उलरिकनं मंचावरून जेथ्रो टलचे आभार मानले, यंदा अल्बम न काढल्याबद्दल. गंमत म्हणजे जेथ्रो टलनं १९९१ मध्ये अल्बम काढला होता.

सगळ्यात अवघड मनाई मृत्यूची. क्वीनचा ‘इन्युएंडो’ फेब्रुवारी १९९१ चा आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेला २४ नोव्हेंबर १९९१ ला. तो पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, पहिला बँडही तिथलाच, त्यामुळे आपल्याकडे या अल्बमचं नाव निघालं की कुणीतरी हमखास हळवं होतं. मीही होतो. ‘द शो मस्ट गो ऑन’ लागलं की खोलीत कुणी बोलत नाही. पण ते गाणं फेब्रुवारीतही तेवढंच होतं. म्हणून इन्युएंडोच्या समर्थकाला आम्ही सांगतो: शेवटचं गाणं वगळून बोल. मग तो शीर्षकगीताबद्दल बोलतो, त्यातल्या अचानक येणाऱ्या स्पॅनिश गिटारबद्दल बोलतो, आणि बाजू एकदम भक्कम होते.

मैफिलीची आठवणही बाहेर ठेवा. डिसेंबर २०१९ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू ऐकून आलेले आमच्यात काही आहेत. ते अजून तिथेच आहेत.

बी साइडची कसोटी

आता मग बोलायचं कशावर? माझं ठाम मत आहे की वर्षाचा सर्वोत्तम अल्बम त्याच्या उत्तरार्धावर ठरवावा. पहिली तीन गाणी सगळेच नीट करतात. तिथे कंपनीचं लक्ष असतं, रेडिओचं असतं. कॅसेट उलटवल्यावर काय येतं ते बघा.

हे १९९१ ला फार चपखल बसतं, कारण तोवर सीडी रुळली होती आणि लोकांचं भान सुटलं होतं. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची, सीडीत ७४. जागा आहे तर भरा, असा प्रकार. ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’मध्ये सतरा गाणी, सीडी काठोकाठ. ‘अंडर द ब्रिज’ आहे, ‘गिव्ह इट अवे’ आहे, निर्माता रिक रुबिननं आवाज कोरडा आणि जवळचा ठेवलाय, सगळं मान्य. पण बाराव्या गाण्यानंतर त्यातली चार गाणी क्रमानं सांगून दाखवा. आमच्याकडे त्याचा वकील तिथेच पडला.

मेटॅलिकाचा काळा अल्बम उलटवा. निर्माता बॉब रॉकनं ड्रमला जो आवाज मिळवून दिला त्यावर मेहुणा वीस मिनिटं बोलू शकतो, आणि बोललाही. उत्तरार्धात ‘नथिंग एल्स मॅटर्स’ आहे. पण त्याच्या आगेमागे सगळं एकाच चालीनं चालतं, आणि बासष्ट मिनिटं ती चाल पुरत नाही.

‘नेव्हरमाइंड’ या कसोटीवर माझ्या अपेक्षेपेक्षा वर येतो. पहिल्या बाजूची गाणी लग्नाच्या बँडवालेही वाजवतील इतकी सगळ्यांना पाठ. दुसरी बाजू ‘टेरिटोरियल पिसिंग्ज’च्या आरडाओरड्यानं उघडते, ‘ड्रेन यू’ आणि ‘ऑन अ प्लेन’मध्ये निर्वाणाचा गायक कोबेनची सुरावट पहिल्या बाजूपेक्षा सरस आहे, आणि ‘समथिंग इन द वे’ला सगळं विझत जातं. बेचाळीस मिनिटांत काम संपतं. मधे ‘स्टे अवे’ जरा भरतीचं आहे. सुरुवातीच्या प्रतींनंतर सीडीच्या शेवटी दहाएक मिनिटं शांतता आणि मग एक लपवलेलं गाणं आलं. आम्ही ते धरत नाही, कारण त्या शांततेत लोक वडे घ्यायला उठतात आणि परत येत नाहीत.

‘अख्तुंग बेबी’ माझा, हे आतापर्यंत कळलं असेल. जर्मनीचं एकीकरण झालं त्याच महिन्यात, ऑक्टोबर १९९० मध्ये, यू-टूचे चौघं बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेले आणि आपसांत भांडत बसले. ‘वन’ तिथे सापडलं. ते पहिल्या बाजूला आहे, म्हणून सोडून देतो. दुसरी बाजू ‘द फ्लाय’नं सुरू होते, ‘मिस्टीरियस वेज’ येतं, आणि शेवटची तीन, ‘अल्ट्रा व्हायोलेट’, ‘अ‍ॅक्रोबॅट’, ‘लव्ह इज ब्लाइंडनेस’, एकेक पायरी खाली उतरत जातात. एवढ्या मोठ्या बँडनं अल्बमचा शेवट इतका अंधारा ठेवावा, याला हिंमत लागते. शेवटच्या गाण्यातलं गिटारवादक एजचं सोलो तर तारा तुटतील असं वाजलंय.

आणि ‘लव्हलेस’. याच्याविरुद्ध वाद घालणं कठीण, कारण त्याला ए साइड आणि बी साइड असा चढउतारच नाही. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या केव्हिन शील्ड्सनं दोनेक वर्षं लावली, एकामागून एक स्टुडिओ पालथे घातले, गिटारचा ट्रेमोलो दांडा (सूर वरखाली वाकवणारा) हातात धरूनच वाजवत राहिला. माझी मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही गाणी मोजताय आणि हा अल्बम गाण्यांचा नाहीये. रोलिंग स्टोन मासिकाच्या सर्वोत्तम पाचशे अल्बमांच्या यादीत हा २००३ मध्ये २१९ वा होता, २०२० मध्ये ७३ वा. यादीचा मुद्दा चालत नाही, पण तिनं तो मतदानाच्या जरा आधी हळूच सोडला. तरुण वकील असाच असावा.

एक गोष्ट डिसेंबर १९९१ च्या बाजूनंही बोललीच पाहिजे. स्पिन मासिकानं त्या वर्षी पहिला क्रमांक नेव्हरमाइंडला न देता टीनएज फॅनक्लबच्या ‘बँडवॅगनेस्क’ला दिला, आणि लोक त्याला आजही हसतात. मी हसत नाही. तेव्हा त्यांच्या कानांना जे आवडलं ते त्यांनी छापलं, पुढे काय होणार याचा अंदाज बांधत बसले नाहीत. अल्बमही गोड आहे. बी साइड लावून बघा.

मतदान

हात वर करून पहिला क्रमांक काढू नका. घरमालकाला आणि मोठ्यानं बोलणाऱ्याला मतं मिळतात. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकाच्या, समीक्षकांच्या ‘पॅझ अँड जॉप’ मतदानाची पद्धत उत्तम होती: प्रत्येकाकडे शंभर गुण, दहा अल्बमांत वाटायचे, एकाला जास्तीत जास्त तीस, कमीत कमी पाच. (१९९१ ला तिथे ‘नेव्हरमाइंड’ जिंकला.) घरगुती बैठकीला दहाऐवजी पाच अल्बम पुरतात. चिठ्ठीवर लिहायचं, नावासकट, म्हणजे नंतर जाब विचारता येतो. जेवण मतदानानंतर. आधी वाढलंत तर लोक पोटभर खाऊन सगळ्यांना वीस-वीस देऊन मोकळे होतात.

बरोबरी झाली तर दोन्ही अल्बमांतलं सर्वांत कमजोर गाणं लावायचं. ते विरोधी बाजूनं निवडायचं. जे शेवटपर्यंत ऐकवलं, तो अल्बम जिंकला. आमच्याकडे ‘अख्तुंग बेबी’ आणि ‘लव्हलेस’ अडकले तेव्हा मुलीनं माझ्याकडून ‘ट्राइन टु थ्रो युअर आर्म्स अराउंड द वर्ल्ड’ उचललं, ते अपेक्षितच होतं. मी तिचं ‘टच्ड’ उचललं, जेमतेम मिनिटभराचं, शब्द नसलेलं. ते वाजून संपलं तेव्हा मेहुणा म्हणाला, अरे, सुरू कधी झालं? ती म्हणाली, म्हणजे शेवटपर्यंत ऐकलंत ना. गुण तिला गेले. मिनिटभराच्या तुकड्याला गाणं धरायचं की नाही, हा पाचवा नियम यंदा चहाच्या आधी ठरवायचा आहे.