एल आकाराच्या घराचा मध्य कसा काढायचा: पुठ्ठा, टाचणी आणि ओळंबा

आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले, त्यामुळे नातेवाइकांत कुणी फ्लॅट घेतला की आधी मला फोन येतो. मागे ताईचा आला. "अरे, ब्रह्मस्थान बाहेरच्या भिंतीत आलंय म्हणे. तिथे तांब्याचा पिरॅमिड गाडायला सांगितलाय. गाडू का?"

मी म्हटलं, आधी शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा शोध.

ब्रह्मस्थान म्हणजे वास्तुशास्त्रात घराचा मध्यभाग. ताईच्या वास्तू सल्लागाराने काय केलं होतं, ते नकाशा पाहताच कळलं. ताईचं घर एल आकाराचं. दक्षिणेकडचा भाग पूर्व-पश्चिम 30 फूट आणि दक्षिणोत्तर 20 फूट. त्याच्या उत्तरेला, पश्चिम बाजूला लागून आणखी 10 बाय 20 चा भाग. म्हणजे ईशान्य कोपरा कापलेला. गृहस्थांनी 30 बाय 40 चा पूर्ण आयत धरून कर्ण मारले, आणि मध्य थेट भिंतीवर पडला.

आता तुम्ही असं करा. बिल्डरच्या नकाशावर भरवसा न ठेवता टेपने स्वतः मोजा, भिंतींची जाडी धरून. डक्ट आणि उघडी बाल्कनी मी सोडतो. बाल्कनी खोलीत घेतली असेल तर धरतो. 1 सेंटिमीटरला 2 फूट या प्रमाणात आकृती पुठ्ठ्यावर काढून कापा. एका कोपऱ्याजवळ टाचणीने भोक पाडा आणि ते जरा सैल करा, पुठ्ठा मोकळा झुलला पाहिजे. त्याच टाचणीला नट बांधलेला दोरा सोडा. हाच आपला ओळंबा. दोरा स्थिर झाला की त्याच्याकडेने पेन्सिलीने रेघ मारा. दुसऱ्या कोपऱ्यातून तसंच. रेघा छेदतील तो मध्य. तिसऱ्या कोपऱ्यातून पडताळा घ्याच. एकदा माझंच भोक घट्ट राहिलं होतं आणि मध्य संडासात गेला होता. यू आकाराच्या घरात छेद पुठ्ठ्याबाहेर, मोकळ्या जागेत पडू शकतो. तिथे मागून पातळ कागद चिकटवून रेघा पुढे न्या.

आकडेमोड आवडत असेल तर घराचे आयत पाडा. ताईचे दोन: 600 आणि 200 चौरस फूट. प्रत्येकाच्या मध्याचं पश्चिम भिंतीपासूनचं अंतर 15 आणि 5. क्षेत्रफळाने गुणून बेरीज करा, 800 ने भागा: साडेबारा फूट. दक्षिण भिंतीपासून तसंच केलं (10 आणि 30) की 15 फूट. पुठ्ठ्यानेही तेच सांगितलं.

पूर्ण आयताची पद्धत चूक आहे असं नाही. वास्तुशास्त्रात आयताचे 9 बाय 9 असे 81 चौकोन, म्हणजे पदं, पाडतात. त्या मंडलात मधली 9 पदं ब्रह्माची, म्हणजे लांबी-रुंदीचा मधला तिसरा हिस्सा. ताईच्या आयतात तो पश्चिमेकडून 10 ते 20 आणि दक्षिणेकडून साधारण सव्वातेरा ते पावणेसत्तावीस फूट. त्यातला 20 फुटांच्या पुढचा भाग भिंतीपलीकडे, हवेत. उरला सुमारे 10 बाय साडेसहा फुटांचा पट्टा, आणि पुठ्ठ्यावरचा मध्यही त्यातच आला. अशा वेळी मी म्हणतो, हा पट्टा मोकळा ठेवा. जुन्या वाड्यांत चौक उघडा असायचा, तोच हिशेब. चूल, संडास, जड सामान इथे नको. पण खांब किंवा तुळई आली असेल तर तिला हात लावायचा नाही, वास्तुशास्त्र काहीही म्हणो.

ताईच्या घरात नेमकं तिथे सासऱ्यांचं लोखंडी कपाट उभं होतं. दाजी आधी हलवायला तयार नव्हते. मग मी होकायंत्र काढलं, तर सुई कपाटाकडे ओढली जात होती. दिशा मोजताना हे लक्षात ठेवा: लोखंड, फ्रिज, सळयांचा खांब यांच्यापासून लांब, तीन-चार ठिकाणी मोजा आणि एकदा इमारतीबाहेर उभं राहून पडताळा. कपाट चौघांनी मिळून मागच्या खोलीत नैऋत्येला नेलं. पिरॅमिड घेतलाच नाही.