वही केली का?

पुण्या-मुंबईच्या कॉलेजसाठी कोकणातल्या घरी बसून, मुलांना फोन करून ॲडमिशनचं काम करणार असाल तर तयारी मे महिन्यातच उरका. पाऊस लागला की जे राहिलं ते राहिलं. लॅपटॉप, हेडफोन सांगत बसत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घ्या. इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच पाडून बघा. पंखा फिरतोय म्हणजे राउटरही चालू आहे असं नसतं.

आणि वही. पुठ्ठ्याची, दोनशे पानी. प्रत्येक मुलाचं नाव, गाव, शाखा आणि घरातले दोन नंबर हाताने उतरवा. गेल्या जुलैत मी हा आळस केला. आमच्या धोपाव्यात तीन दिवस लाईट नव्हती, दुसऱ्या दिवशी टॉवरही गेला. रेंजसाठी जंगलजेटने, म्हणजे फेरीबोटीने, खाडीपलीकडे दाभोळला गेलो. जेटीवर छत्री मानेत अडकवून फोन काढला, रेंज फुल्ल. पण लावायचा कुणाला? यादी लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप घरी मेलेला. कॅपचा, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म (कॉलेजांची पसंती) भरायची मुदत त्याच संध्याकाळी. एकोणतीस मुलं माझ्या फोनची वाट बघत होती आणि मला पाठ होता फक्त बायकोचा नंबर. तेव्हा वही करा. जेल पेनने नको, दमट हवेत शाई फुटते आणि 1 चा 7 होतो. साधं बॉलपेन.

दोन नंबर अशासाठी, की बाप मुंबईला, आई गावी. फीचं तो ठरवतो, कागद ती शोधते. लावणीच्या दिवसांत दुपारी फोन केलात तर शिव्या खाल, सातनंतर करा. हर्णै-दाभोळच्या मच्छीमार घरांत 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे माणूस घरी सापडतो. पण हातात पैसाही तेव्हाच नसतो. फीचा विषय जपून काढा.

नॉन क्रीमी लेयरचा दाखला 'आहे आमच्याकडे' म्हणाले तर तारीख वाचून घ्या. पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत चालणारं लागतं. जात पडताळणीचं पहिल्याच फोनला विचारा, ते आठवड्याभरात होणारं काम नव्हे. मुलगी असेल तर फीमाफी सांगा: 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना, कॅपमधून प्रवेश आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. होस्टेल-मेस त्यात नाही हे त्याच दमात सांगा, नाहीतर ऑगस्टमध्ये भांडण तुमच्याशी.

कॅपच्या पुढच्या राउंडना तेच फोन, तेच प्रश्न. बदललेले नंबर रोज रात्री वहीत. हो, वहीतच. वही प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी खिडकीपासून लांब. गणपतीत कुणी फोन उचलत नाही, तुम्हीही करू नका.