टनामागे कार्बन: जालन्याच्या स्टील कारखान्यांसाठी हिशेब आणि उपाय

प्रदूषण नियंत्रण मंडळाची धुळीची अट घनमीटर वायूमागे मिलिग्रॅममध्ये असते, कार्बनचा हिशेब टनामागे किलोत. एक आकडा सुधारला की दुसरा आपोआप सुधारतो असं नाही. गरजेपेक्षा मोठा बॅग फिल्टर (पंख्याने ओढलेला धूर कापडी पिशव्यांतून गाळणारं यंत्र) बसवला तर धूळ आटोक्यात येते, पण पंख्याची वीज दर टनावर चढते. म्हणून आधी हिशेब, मग खरेदी.

त्यासाठी नवी वही नको. पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यावंच लागतं आणि त्यात कच्चा माल व पाणी उत्पादनाच्या प्रमाणात मांडलेलं असतं. त्याला वीज आणि इंधन जोडा. ग्रिडच्या एका युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, लिटरभर डिझेलला २.७ किलो, आणि ४,००० किलोकॅलरीच्या एक किलो कोळशाला सुमारे १.६ किलो धरा. समजा विजेवर स्क्रॅप वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीला टनामागे ६०० युनिट लागतात आणि रोलिंगआधी पोलाद पुन्हा तापवणाऱ्या रीहीटिंग भट्टीला ६० किलो कोळसा: ४२० अधिक ९६, म्हणजे ५१६ किलो. भागायचं ते विकाऊ मालाने. मिस-रोल (रोलिंगमध्ये बिघडलेला माल) आणि कापलेली टोकं धरली तर आकडा उगाच देखणा दिसतो. विकत आणलेल्या स्पंज आयर्नचा (खनिजातून न वितळवता काढलेल्या लोखंडाचा) कार्बन यात नाही, तो वेगळ्या रकान्यात ठेवा.

आता चिमणी. कोळशाच्या भट्टीत फ्लू गॅसमधला, म्हणजे जळणातून निघणाऱ्या वायूतला, ऑक्सिजन दोन ठिकाणी मोजा: भट्टीच्या तोंडाशी आणि चिमणीच्या बुडाशी. जळणाला लागते त्याहून जादा हवेची टक्केवारी काढायला ऑक्सिजनला (२१ वजा ऑक्सिजन) ने भागा आणि १०० ने गुणा. भट्टीशी ६ टक्के म्हणजे ४० टक्के जादा हवा, ती चालेल. पण चिमणीशी १२ टक्के आले तर जादा हवा १३३ टक्क्यांवर गेली आणि पंखा गरजेच्या दीडपटीहून जास्त वायू ओढतोय. ही हवा डक्टच्या फ्लँजमधून (जोडांतून), तपासणीच्या दारांतून, धूळ साठणाऱ्या हॉपरखालच्या रोटरी व्हॉल्व्हमधून शिरते. हवा मिसळली की मिलिग्रॅमचा आकडा पातळ होतो, म्हणून काही जण गळतीकडे काणाडोळा करतात. कार्बनच्या दृष्टीने तो निव्वळ तोटा. बॉयलरच्या मानकात तर वायूत १२ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे असं धरून धुळीचा आकडा दुरुस्त करतात, तिथे ही चलाखी चालत नाही.

गळती बुजवताना एक सांभाळा. वायू थंड करायला थंड हवेची झडप मुद्दाम ठेवलेली असेल तर ती सरसकट बंद करू नका. पॉलिस्टरच्या पिशव्या १३० अंशांच्या आसपासच टिकतात. वायू त्याहून तापला की जळतात. आधी वायूची उष्णता रिक्युपरेटरने (उष्णता परत मिळवणाऱ्या उपकरणाने) ज्वलनाच्या हवेला द्या, मग झडप कमी करा.

इंडक्शन भट्टीवर ऑक्सिजनची ही मोजणी लागू नाही, कारण तिथे जळण नाही. तिथे धूर ओढणारा हूड भट्टीच्या जितका जवळ, तितकी हवा कमी लागते. पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. झडप अर्धवट मिटून तेवढी बचत होत नाही. पण हे सगळं दुय्यम. मातकट, तेलकट, गंजका स्क्रॅप आत टाकला की मळी (स्लॅग) वाढते, वितळायला युनिट जास्त लागतात आणि धूरही तिथूनच सुटतो. यार्डात चाळणी आणि भट्टीवर झाकण, या दोन गोष्टी बॅग फिल्टरआधी करा. तोच फिल्टर मग लहान लागतो.

इंडक्शन भट्टी आणि रोलिंग मिल एकाच आवारात असतील तर कास्टिंगचा तापलेला बिलेट (ओतून केलेला पोलादाचा लांब ठोकळा) सरळ मिलमध्ये घ्या. वरच्या हिशेबातले ९६ किलो जवळपास पूर्ण वाचतात. अडतं ते वेगाच्या मेळावर. मिल थांबली की बिलेटचे कोपरे काळवंडतात आणि तो रोलमध्ये अडकतो. त्यामुळे रीहीटिंग भट्टी मोडीत काढू नका. थंड पडलेले बिलेट तिकडे वळवा.

कोळसा बदलून गॅस किंवा कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ब्रिकेट घेणार असाल तर आधी कन्सेंट (मंडळाचं संमतीपत्र) दुरुस्त करून घ्या. इंधनाचा प्रकार आणि प्रमाण त्यात लिहिलेलं असतं. ब्रिकेट बॉयलरला ठीक, पण ओल्या असल्या तर धूर करतात आणि पऱ्हाट्यांच्या राखेतले क्षार वितळून जाळीवर खंगर धरतात. झालेल्या बदलांचा संसाधनांवर आणि उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला, ते फॉर्म ५ च्या भाग ‘जी’ (G) मध्ये विचारलेलंच आहे. तिथे ‘निरंक’ न लिहिता बदलाआधीचे आणि नंतरचे टनामागचे युनिट व कोळसा भरा.