तुर्की बोलायला शिकताय? मराठी जिभेला नडणाऱ्या या चुका टाळा

तुर्की वाचायला सोपी, असं पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगतं आणि ते खरंही आहे. १९२८ साली तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी घेतली, ती आपल्या उच्चारांच्या मापाने बेतून. २९ अक्षरं, त्यांतले ८ स्वर, आणि जवळजवळ प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला ध्वनी. हे ऐकून आपल्याला हायसं वाटतं आणि आपण लगेच वही काढून सगळे शब्द देवनागरीत उतरवायला घेतो. माझ्या मते निम्म्या चुका त्या वहीत जन्माला येतात. आपल्या लिपीत काहीही लिहिता येतं या भरवशावर आपण तुर्कीचे स्वर आपल्या अ-आ-इ-ई-उ-ऊमध्ये कोंबतो, आणि एकदा वहीत बसलेला उच्चार मग हलता हलत नाही. शब्द तुर्की लिपीतच लिहा. या लेखात मला देवनागरीवाचून गत्यंतर नाही, म्हणून टिंबं कुठे आहेत ते शब्दांत सांगते.

सगळ्यात महागात पडतात ती टिंबं. ओ आणि यू ही अक्षरं तुर्कीत दोन प्रकारची असतात, साधी आणि डोक्यावर दोन टिंबं असलेली. आयचंही तसंच. टिंब असलेला आय म्हणजे आपला इ, आणि बिनटिंबाचा आय हा पूर्ण वेगळा स्वर. कॅपिटलमध्येसुद्धा हा भेद पाळतात, इस्तंबूलचा पहिला आय टिंबासकट लिहितात.

‘तीन’ला तुर्कीत जो शब्द आहे त्यात टिंबवाला यू आणि पुढे च आहे. आपल्यापैकी कुणी त्याला ‘उच’ म्हणतं, कुणी ‘यूच’. ‘उच’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘टोक’ होतो, आणि ‘यूच’ असं तर काही नाहीच. तो एकसंध स्वर आहे, त्यात य नाही. ‘ई’ म्हणा, जीभ आहे तिथेच धरून ठेवा आणि फक्त ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. टिंबवाल्या ओसाठी हेच ‘ए’पासून सुरू करा, जीभ ‘ए’ची आणि ओठ ‘ओ’चे. बिनटिंबाच्या आयसाठी उलटं, ‘उ’ म्हणता म्हणता ओठ हसल्यासारखे पसरायचे.

हे मला नीट कळलं ते इस्तंबूलच्या उस्कुदार भागातल्या एका जेवणाच्या टेबलावर. ज्या घरी राहिले होते तिथल्या वयस्क बाईंना सगळे ‘तेयझे’ म्हणत, म्हणजे मावशी. नात्याबाहेरच्या मोठ्या बाईलाही तिथे आपल्यासारखंच मावशी म्हणतात. मसुराची चोर्बा (सूप) केली होती. मी नुकतंच पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ‘चोक ग्युझेल ओल्मुश’, फार छान झालीय. टिंबवाले स्वर नुकतेच जमायला लागले होते, म्हणून मी ते ‘ओल्मुश’लाही लावले. तिथे टिंबं लागली की ‘झालीय’चं ‘मेलीय’ होतं. मावशींनी चमचा खाली ठेवला. माझ्याकडे तोंड करून आधी साधं ‘ओल्माक’ म्हटलं, होणं; मग टिंबांचं ‘ओल्मेक’, मरणं. ओठ दोन्ही वेळा गोलच होते, पण दुसऱ्या वेळी जीभ पुढे दातांकडे सरकलेली मला दिसली. मग त्या आत गेल्या आणि हातातला छोटा आरसा घेऊन आल्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला आरसा घेऊन बसायला सांगते, कारण कानाला हा फरक ऐकू यायला वेळ लागतो, डोळ्याला लवकर दिसतो.

त्या दोन शब्दांच्या शेपटांकडेही बघा, एकाला ‘माक’, दुसऱ्याला ‘मेक’. तुर्कीत प्रत्यय आधीच्या स्वराच्या मागे जातो, त्यामुळे तुमच्या हाती एक तपासणी येते. कुठला स्वर आहे याचा गोंधळ झाला की शब्दाचं अनेकवचन पाहा. ‘लेर’ लागत असेल तर शेवटचा स्वर जीभ पुढे ठेवून म्हणायचा, ‘लार’ लागत असेल तर मागे. ‘साआत’ (तास, घड्याळ) यासारखे अरबीतून आलेले काही शब्द हा नियम मोडतात, पण बाकी बहुतेक ठिकाणी तो उपयोगी पडतो.

बिनटिंबाच्या आयची वेगळी काळजी घ्या. टिंब नसलेला ‘सिनिर’ म्हणजे सीमा, टिंबांचा ‘सिनिर’ म्हणजे मज्जातंतू. ‘कंटाळा आला’ या अर्थाच्या एका रोजच्या शब्दात टिंबांचा इ घातला तर उघड शिवी होते. तो शब्द चारचौघांत वापरण्याआधी जाणत्या माणसासमोर म्हणून पाहा.

आता खास आपल्या चुका. शेपटी असलेल्या सीचा उच्चार ‘च’, असं पुस्तक सांगतं. पण मराठीत च दोन आहेत. ‘चोक’, ‘चोर्बा’ हे शब्द देवनागरीत दिसले की आपली जीभ ‘चोर’मधल्या चकडे वळते, आणि तुर्कीत तो ध्वनी नाहीच. तिथे नेहमी ‘चार’, ‘चिमणी’मधला च. साध्या सीचा उच्चार ज, तोही ‘जेवण’मधला. शुक्रवार म्हणजे ‘जुमा’. तो ‘जुना’सारखा म्हणू नका. झेड हा आपल्या झाडातला झ नव्हे. ‘स्स्स’ म्हणत राहा आणि त्यातच घशातून आवाज सोडा, तो तुर्कीचा झेड.

दुसरी सवय ह पुढे ढकलण्याची. आपण ब्राह्मणचं ब्राम्हण करतो, जिह्वाची जिव्हा केव्हाच झाली. त्याच ओघात ‘काहवे’ (कॉफी) आपल्या तोंडी ‘काव्हे’ होते आणि अहमेत ‘अम्हेत’ होतो. ह आधी, पूर्ण, श्वास सोडून म्हणा: काह-वे, आह-मेत. ‘मेरहाबा’ही (नमस्कार) मेर-हा-बा असं तोडून म्हणा आणि जोर पहिल्या ‘मेर’वर द्या, नाहीतर आपलं ऱ्हा होतं.

इंग्रजीतून तुर्की शिकणाऱ्यांचा त ट होतो. ‘टेशेक्कुर’ नाही, तेशेक्कुर (आभार; त्यातला यू टिंबवाला). तुर्की टी आणि डी म्हणजे आपले दंत्य त आणि द. इथे आपली जीभ आयती तयार आहे, इंग्रजीच्या नादी लागून ती बिघडवू नका.

डोक्यावर अर्धचंद्र असलेला जी दिसला की ग म्हणायचा नाही. वर्तमानपत्रांत ‘एर्दोगान’ छापतात, तिथला माणूस ‘एर्दोआन’ म्हणतो. हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला कधी येत नाही. ते बहुतेक वेळा आधीचा स्वर लांबवतं. डोंगर म्हणजे लांब ‘दा’. ए किंवा इच्या शेजारी ते पुसट य होतं, म्हणून ‘नाही’ या अर्थाचा शब्द आपल्या ‘देईल’सारखा ऐकू येतो. जेवण झाल्यावर स्वयंपाक करणाऱ्याला ‘एलिनिझे सा-लूक’ म्हणतात, तुमच्या हाताला आरोग्य लाभो. त्यात ‘सा’ लांब, आणि ‘लू’ म्हणताना ओठ पसरलेले. हे एक वाक्य घोटलं तरी दोन अवघड अक्षरं बसतात.

लॅटिन लिपीतलं पहिलं अक्षर, इंग्रजीतला ए, हा तुर्कीत नेहमी आ. तमाम नाही, ‘तामाम’ (ठीक आहे). साध्या शब्दात जोर बहुधा शेवटी पडतो, पण गावांच्या नावांत तो आधी येतो: आन्कारा, इस्तान्बुल, इझ्मिर.

ओळखीच्या शब्दांपाशी जास्त सावध राहा. दुनिया, जबाब, खबर हे तुर्कीतही आहेत आणि ते दिसले की जीभ बेफिकीर होते. खबर तिथे ‘हाबेर’ आहे, कारण ख नाही. जबाब ‘जेवाप’ आहे. दुनियेचा उ टिंबांचा आहे. तुर्क दिल कुरुमु या १९३२ साली स्थापन झालेल्या भाषासंस्थेच्या ऑनलाइन कोशात शब्दाशेजारी ऐकायची खूण असते. आधी ती दाबा, मग फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून दोन्ही पाठोपाठ ऐका. शोधताना मात्र फोनवर तुर्की कीबोर्ड घ्या, कारण टिंब चुकलं की कोश दुसराच शब्द दाखवतो आणि तुम्ही तोच पाठ करत बसता.